आठ हजारांची सायकल: पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घर माहीमला, नोकरी लोअर परळला, जाऊन-येऊन साधारण १२ किलोमीटर. आठ हजारांच्या आत बिनगिअरची, म्हणजे सिंगल स्पीड सायकल घ्यायची आणि जमेल तशी सुधारत न्यायची. दुकानदाराने पुढेमागे डिस्क ब्रेक आणि दोन्हीकडे शॉकअप असलेली एक चकचकीत सायकल दाखवली आहे. मामांच्या चाळीत जिन्याखाली एक जुनी काळी उभी सायकल पडून आहे, ती मामा फुकट द्यायला तयार आहेत. आणि आज सिंगल स्पीड घेतली तर उद्या तिला गिअर बसवता येतील का, हेही तुम्हाला हवंय.

माझं बालपण लालबागच्या एका सायकल दुकानात गेलं. वडिलांचं दुकान होतं, नंतर ते मी चालवलं. पहाटे दूधवाले, पाववाले, दिवसा डबेवाले, पाळी सुटली की गिरणी कामगार, अशी गिऱ्हाइकं. १९८२च्या संपानंतर काही महिने दुरुस्तीला येणाऱ्या सायकलींपेक्षा विकायला येणाऱ्या सायकली जास्त, हेही त्या दुकानातच बघितलं. त्यामुळे स्वस्त सायकलींशी माझी ओळख जुनी आहे, आणि मला त्यांच्याबद्दल तिटकारा अजिबात नाही. चिडतो ते त्या ज्या प्रकारे विकल्या जातात त्यावर.

आधी गिअरचं बोलू, म्हणजे मोकळं होता येईल. तुमच्या रस्त्याला गिअर लागत नाहीत. माहीमहून तुळशी पाइप रोड धरलात (कागदोपत्री सेनापती बापट मार्ग) की परळपर्यंत रस्ता रेल्वेच्या कडेकडेने सपाट जातो. चढ म्हणजे एखादा पूल, तोही दोन मिनिटांचा. या शहरात डबेवाले १८९०पासून डबे पोचवतायत आणि त्यांच्या सायकलींना आजही गिअर नसतो. हँडलला आणि कॅरिअरला डबे लटकवून ते ज्या सायकलवर जातात त्यावर तुम्ही एक लॅपटॉपची बॅग घेऊन नक्की जाल. मलबार हिल, पाली हिल किंवा आरेतून पवईकडे रोज जायचं असतं तर मी वेगळं बोललो असतो.

पुढे गिअर बसवण्याचा विचारही आत्ताच डोक्यातून काढा. सिंगल स्पीडच्या मागच्या चाकाची जागा, म्हणजे फ्रेममधल्या दोन पत्र्यांमधलं अंतर, साधारण ११० मिलिमीटर असतं. गिअरच्या हबला (हब म्हणजे चाकाच्या मधोमधचा, स्पोक निघतात तो भाग) १२६ ते १३५ मिलिमीटर लागतं. म्हणजे फ्रेम फाकवा, नवं मागचं चाक घ्या, डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) टांगायला जागा नसते तर पट्टी लावा, वर चेन, शिफ्टर, केबल. हे सगळं करून हाती जे येतं ते चार हजार खर्चूनही कुरकुरतं. गिअर हवेच असतील तर गिअरची सेकंडहँड सायकल घ्यावी. माझ्याकडे असं ‘कन्व्हर्जन’ करायला आलेल्यांपैकी बहुतेकांना मी चहा पाजून परत पाठवलंय.

आता ती चकचकीत सायकल. ती घेऊ नका.

कारण साधं गणित आहे. सायकलची किंमत सात-साडेसात हजार. त्यात कंपनीला दोन शॉकअप, दोन डिस्क, दोन कॅलिपर (डिस्कला धरणारे चिमटे) बसवायचेत, वर दुकानदाराचा नफा. मग पैसे वाचवायचे कुठे? जे दिसत नाही तिथे. हबमधले कोन (छर्रे ज्यांच्यावर फिरतात ते), बीबी (फ्रेमच्या तळाला, पायडलच्या दांड्यांचा एक्सेल फिरतो ती जागा), हँडलच्या मानेतले कप (छर्रे बसतात त्या वाट्या), टायर. पुढचा शॉकअप म्हणजे दोन नळ्यांत दोन स्प्रिंगा; धक्का शोषून तो हळू परत सोडायची व्यवस्था त्यात नसते, म्हणून खड्ड्यातून गेल्यावर सायकल दोन-तीनदा उड्या मारते. मागचा शॉकअप तुम्ही पायडलवर जोर दिला की दबतो, म्हणजे तुमच्या पायातली ताकद चाकाऐवजी स्प्रिंगेत जाते. या सायकली सहज अठरा-वीस किलोच्या भरतात. आणि डिस्क! डिस्क ब्रेक चांगलाच असतो, पण चांगला असला तर. या किमतीत जो मिळतो त्याची एकच पट्टी हलते, ती डिस्कला वाकवून दुसऱ्या पट्टीवर टेकवते, केबल थोडी सैल झाली की लिव्हर हँडलला जाऊन भिडतो. शिवाय स्टेशनबाहेर, ऑफिसच्या पार्किंगमध्ये सायकली एकमेकींवर रेलून ठेवलेल्या असतात. कोणाचा तरी पायडल त्या पातळ तबकडीत घुसतो आणि दुसऱ्या दिवसापासून चाक फिरताना ‘खर्र खर्र’ चालू.

मग काय घ्यावं? जिच्याकडे बघून शेजारचा पोरगा ‘वॉव’ म्हणणार नाही अशी. सरळ लोखंडी फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), सव्वीस इंची चाकं, व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे), छत्तीस स्पोकची ॲल्युमिनियमची रिम, रस्त्याचे टायर. पाच-साडेपाच ते सात हजारांत अशी सायकल मिळते. रंग कदाचित आवडीचा मिळणार नाही. दुकानात जाताना खिशात एक छोटा लोहचुंबक ठेवा, फ्रिजवर लावायचा असतो तो चालेल. रिमला लावून बघा. चिकटला तर रिम लोखंडी, वरचा चकाकता मुलामा कितीही छान असो. न चिकटला तर ॲल्युमिनियम. दुकानदार ‘ॲलॉय आहे साहेब’ म्हणतोय की नाही याने काही ठरत नाही, चुंबकाने ठरतं.

या चुंबकाचा आग्रह का, ते सांगतो. मुंबईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. लोखंडी, क्रोमचा मुलामा दिलेली रिम ओली झाली की ब्रेकचं रबर तिच्यावरून साबणासारखं घसरतं. मी विशीत असताना, एका जुलैत, करी रोडच्या पुलावरून उतरत होतो. पुढे टॅक्सी थांबली. दोन्ही ब्रेक मुठी आवळून दाबले, सायकलला काही फरकच पडेना. रबराने रिमवरचं पाणी पुसायला दोन-तीन फेरे घेतले आणि तेवढ्यात मी टॅक्सीच्या डिकीवर पोट टेकून थांबलो होतो. टॅक्सीवाला उतरला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, ‘सायकलचं दुकान तुझंच ना?’ त्या महिन्यात मी स्वतःच्या सायकलची पुढची रिम बदलली. ॲल्युमिनियमची ओली रिमही कोरडीइतकी धरत नाही, पण लोखंडीच्या मानाने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मामांच्या सायकलकडे येऊ. मला खात्री आहे तिला रॉड ब्रेक असतील, म्हणजे केबलऐवजी लोखंडी सळ्या. तिचं टायर २८ बाय दीड इंचाचं असणार. हा टायर रिमच्या ज्या मापावर बसतो ते ६३५ मिलिमीटर. आजकालच्या सातशे-सीच्या सायकलींचं माप ६२२ आणि सव्वीस इंची एमटीबीचं ५५९. तेरा मिलिमीटरचा फरक छोटा वाटतो, पण एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. बरं, रॉड ब्रेकचं रबर रिमच्या बाजूला नाही, आतल्या अंगाला, स्पोकच्या बाजूने दाबतं. त्या रिमची बाजू गोलसर असते, त्यामुळे तिच्यावर साधा कॅलिपर ब्रेक बसवला तरी धरत नाही. म्हणजे ब्रेक सुधारायचे तर चाकंच बदलायची. वर त्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात, त्यामुळे ४० भोकांची ॲल्युमिनियमची रिम शोधत तुम्ही सगळा बाजार पालथा घालाल. क्रँकला, म्हणजे पायडलच्या दांड्याला, कॉटर पिन (तो दांडा एक्सेलवर पक्का धरणारी पाचर) असेल, तीही बहुधा झिजलेली. पायडल फिरवताना एका जागी ‘टक्’ असा झटका बसला तर समजा कॉटर गेला.

एवढं सांगूनही म्हणेन, मामांना ती सायकल भंगारात देऊ देऊ नका. तिची फ्रेम या जन्मात मोडणार नाही. ती लांब, आडवी फ्रेम आणि जाड टायर खड्ड्यांवरून जाताना जो आराम देतात तो कुठल्याही स्वस्त शॉकअपला जमत नाही. पण ती कोरड्या महिन्यांची सायकल. पावसात, गर्दीच्या वेळी, परळच्या सिग्नलांवर नवशिक्या माणसाने रॉड ब्रेक आणि लोखंडी रिमवर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. डबेवाले जातात, हे खरं. त्यांना कुठे ब्रेक लागणार हे शंभर फूट आधी माहीत असतं.

आता मुद्द्याचं. तुम्ही ‘अपग्रेड’ म्हणालात, आणि तुमच्या मनात नवे भाग असणार: हँडल, सीट, रंगीत पायडल. स्वस्त सायकलचं पहिलं अपग्रेड नवा भाग नसतोच. आहे तीच सायकल खोलून नीट परत जोडणं, हे ते अपग्रेड. नवी सायकल कारखान्यातून खोक्यात अर्धीमुर्धी जोडलेली येते. दुकानातला पोरगा अर्ध्या तासात हँडल, पायडल, चाक लावून ती उभी करतो. हबमध्ये ग्रीस नखभर असतं, काही वेळा तेवढंही नसतं. कोन इतके आवळलेले असतात की चाक हाताने फिरवलं तर दोन फेऱ्यांत थांबतं. तशीच सहा महिने चालवली की छर्रे कपावर खड्डे पाडतात, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं, ‘स्वस्त माल, दुसरं काय होणार.’ माल स्वस्त होता, पण तो मेला कोरडा राहून.

आमच्याकडे याला ‘ओव्हरऑइल’ म्हणतात. मूळ शब्द ओव्हरहॉल, पण पिढ्यान्‌पिढ्या तो ओव्हरऑइलच झालाय, आणि त्या नावामुळेच निम्मी सायकलकारागिरी बिघडली, कारण लोकांना वाटतं सगळीकडे तेल ओतलं की झालं. तेल ओतायचं नसतं. चाकाचे एक्सेल काढायचे, छर्रे रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवायचे, कप पुसायचे, पिवळं ग्रीस भरायचं आणि छर्रे मोजून परत बसवायचे. मागच्या हबमध्ये आणि बीबीमध्ये पाव इंची छर्रे असतात, पुढच्या हबमध्ये त्याहून लहान, तीन-सोळांश इंची. एकमेकांत मिसळले की कधीच नीट बसत नाहीत. कोन आवळताना चाक सहज फिरलं पाहिजे आणि तरी रिम धरून डावीउजवीकडे हलवली तर खुळखुळता कामा नये. या दोन्हींच्या मधला बिंदू शोधणं हाच कारागिराचा हात. चारशे-पाचशे रुपयांत जुना-जाणता कारागीर हे पूर्ण सायकलचं करून देतो. सायकल नवी असतानाच, घरी नेण्याआधी करून घ्या. दुकानदार म्हणेल, ‘अहो नवीच तर आहे.’ त्याला हसून सांगा की पैसे वेगळे देतो.

स्वतः करणार असाल तर दोन गोष्टींत सगळे फसतात. डावा पायडल उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. आणि बीबीचा उजवा कपही उलट्या आट्यांचा. ‘सुटत नाही’ म्हणून पान्याला पाइप लावून जोर करणारे आणि आटेच उडवणारे मी डझनाने बघितलेत. त्याच वेळी सीटच्या नळीला आणि हँडलच्या दांड्याला ग्रीस लावून घ्या. समुद्राची खारी हवा आणि पावसाचं पाणी मिळून एका पावसाळ्यात सीटपोस्ट फ्रेममध्ये असा धरून बसतो की मग हातोडीने मारूनही निघत नाही.

ओव्हरऑइल झालं की पन्नासेक किलोमीटर चालवा आणि डाव्या क्रँकचा बोल्ट एकदा आवळा. नव्या सायकलींचा क्रँक चौकोनी एक्सेलवर बसवलेला असतो. सुरुवातीला तो बसतो, थोडा सैल होतो. तसाच चालवला तर क्रँकचं चौकोनी भोक गोल होतं आणि क्रँकच बदलावा लागतो. दोन मिनिटांचं काम आहे, पान्याचे दोन झटके. माझ्या दुकानात येणाऱ्या नव्या सायकलींच्या तक्रारींत याचा नंबर पहिला.

दुसरा खर्च ब्रेकवर. व्ही-ब्रेक आहेत तसेच ठेवा, त्यांचे पॅड बदला. सोबत येणारे बहुतेक वेळा टणक प्लास्टिकच असतात. आतली-बाहेरची दोन्ही केबल नवी घाला, बाहेरची घेताना आत गुळगुळीत नळी असलेली मागा. दोनशे-अडीचशे रुपयांच्या केबलने लिव्हर जो हलका होतो तो अनुभवल्याशिवाय पटत नाही. पॅड बसवताना पुढचं टोक रिमला आधी टेकेल आणि मागे मिलिमीटरभर फट राहील असं तिरकं ठेवायचं, म्हणजे ब्रेक किंचाळत नाही. आणि पुढचा ब्रेक वापरायला शिका. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना तो उजव्या हाताला असतो. ब्रेक मारला की अंगाचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे खरं थांबवण्याचं काम तोच करतो. ‘पुढचा दाबला की उलटतो’ ही भीती मैदानात दहा मिनिटं हळूहळू दाबून बघितलं की जाते.

आता फ्रायव्हील, म्हणजे मागची दातेरी चकती. हे माझं सगळ्यात आवडतं अपग्रेड, कारण दीडदोनशे रुपयांत पूर्ण सायकलचा स्वभाव बदलतो. तुमच्या सायकलला बहुधा पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील; विश्वास ठेवू नका, स्वतः मोजा. सव्वीस इंची, १.७५चा टायर एका फेरीत साधारण २.०५ मीटर जातो. ४४ भागिले १८ म्हणजे २.४४, म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल पाच मीटर पुढे. मिनिटाला ७० फेऱ्या हा माणसाच्या पायाला सोसणारा वेग धरला तर ताशी २१ किलोमीटर. ऐकायला छान. पण मुंबईत २१ने सलग किती मिनिटं जाणार? सिग्नल, बस, हातगाडी, मधूनच दार उघडणारी टॅक्सी. दर दोनशे मीटरला शून्यातून सुरुवात. गुडघ्यावर जोर पडतो तो वेगात नाही, या सुरुवातींमध्ये. मागे २० दाते लावले तर ताशी १९, २२ लावले तर १७. दोन-चार किलोमीटरचा वेग गेला, पण प्रत्येक सिग्नलवर सायकल हलकी निघते आणि पुलावर उभं राहून पायडल मारावा लागत नाही. तुमच्या रस्त्याला मी २० सांगेन. गुडघे कुरकुरत असतील, वय पन्नाशीकडे असेल किंवा मागे मूल बसवणार असाल तर २२.

फ्रायव्हील बदलताना काळजी एकच. चेन तीच ठेवली तर दोन दाते वाढल्यावर चाकाचा एक्सेल साधारण सहा मिलिमीटर पुढे सरकतो. फ्रेमच्या खाचेत तेवढी जागा आहे का आधी बघा. नसेल तर चेनमध्ये कडी घालावी लागते. चाक बसवल्यावर चेनच्या मधोमध बोटाने दाबलं की सेंटिमीटरभर खालीवर झाली पाहिजे. जास्त सैल असेल तर पडते, आणि ताठ असेल तर हबचे छर्रे खाते. पायडल हळू फिरवत चार ठिकाणी तपासा, कारण स्वस्त चेनव्हील (पुढची दातेरी चकती) थोडी लंबगोल असतेच.

चेन कधी बदलायची, याचं उत्तर शाळेच्या स्टीलच्या पट्टीत आहे. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच. एका पिनच्या मध्यावर शून्य धरा, चोविसावी पुढची पिन बरोबर बारा इंचांवर यायला हवी. सोळांश इंच पुढे गेली की नवी चेन घ्या. एक-अष्टमांश गेली तर उशीर झाला, फ्रायव्हीलही सोबत बदला. सिंगल स्पीडची चेन जाड, एक-अष्टमांश इंच रुंदीची असते. गिअरची पातळ चेन ‘चालेल’ म्हणून गळ्यात मारली तर परत करा.

टायर बदलायची घाई नको, पण सायकलला चिखलाचे मोठे गठ्ठे असलेले टायर आले असतील तर पहिल्या वर्षात ते काढाच. डांबरावर ते घुं-घुं करतात आणि दम काढतात. रुंदी मात्र कमी करू नका. बारीक टायर दिसायला देखणा, पण आपल्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉकच्या फटी आहेत, काँक्रीटच्या रस्त्याचे लांबच लांब जोड आहेत, गटाराच्या जाळ्या आहेत, मेट्रोच्या कामाशेजारी टाकलेले लोखंडी पत्रे आहेत. १.७५ किंवा १.९५ ठीक. शिवडी-वडाळ्याकडे गोदीचे जुने रूळ रस्त्यात आहेत, तिकडे कधी गेलात तर रूळ काटकोनातच ओलांडा. ओल्या लोखंडावर कधीही वळू नका आणि ब्रेकही मारू नका, टायर कुठलाही असो.

ट्यूब घेताना मोटरसायकलसारखा वॉल (हवा भरायचा व्हॉल्व्ह) असलेली घ्या. जुन्या वॉलमध्ये रबराची बारीक नळी असते, ती उन्हाने कडक होते आणि हवा आठवड्यात उतरते. मोटरसायकलच्या वॉलमध्ये पेट्रोल पंपावरही हवा भरता येते, फक्त थोडी थोडी भरा. सायकलच्या ट्यूबमध्ये जागा कमी असते, क्षणात फुटते. टायरच्या बाजूला हवेचा दाब छापलेला असतो. सत्तर किलोच्या माणसाला १.७५च्या टायरमध्ये ५० पीएसआय पुरे. घरी पाचशे-सहाशेचा हातपंप ठेवा आणि दर रविवारी हवा भरा. ‘सायकल जड चालते’ म्हणून येणाऱ्या दहांतल्या सहा सायकलींना मी फक्त हवा भरून परत केलंय, पैसे न घेता.

सीटवर खर्च करण्याआधी सीटची उंची बघा. पायडल खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे. आपल्याकडे सगळे सीट इतकी खाली ठेवतात की गुडघे हँडलला लागतात, आणि मग ‘सायकलने गुडघे दुखतात’. सीटपोस्टवर जी रेघ असते ती बाहेर दिसेल इतका मात्र पोस्ट उचलू नका, पोस्टच लांब घ्या. आणि जेलचं कव्हर नको, ते घामाने आणि पावसाने स्पंज होतं.

पैशांचा हिशेब असा मांडा: सायकल सहा-साडेसहा हजारांची. ओव्हरऑइल, ब्रेकचे पॅड-केबल, फ्रायव्हील मिळून हजाराच्या आसपास. उरलेलं कुलूप आणि दिव्यांना. सायकलच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त पैसे तिच्यात पुढे कधी घालू नका. तिथवर आलात की तो पैसा पुढच्या सायकलचा. बिल नक्की घ्या, आणि त्यावर फ्रेमचा नंबर लिहून घ्या. तो बहुतेक सायकलींना बीबीच्या खालच्या बाजूला ठोकलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ झालाय, बिलात तो तेवढाच लागलाय ना बघा. बिनबिलाची, रविवारच्या बाजारातली ‘दोन हजारांत जवळजवळ नवी’ सायकल घेऊ नका. ती कोणाच्या तरी जिन्याखालून आलेली असते.

पावसाळ्यात रोजचं काम एवढंच: घरी आलात की सायकल एकदा उलटी करा, सीटच्या नळीतून शिरलेलं पाणी निघून जातं. चेन जुन्या बनियनने पुसा, आठवड्यातून दोनदा प्रत्येक कडीवर एक थेंब तेल आणि मग वरचं पुसून टाका. स्प्रेचा डबा गंज सोडवायला चांगला, पण तो वंगण नाही. गॅरेजमधलं काळं जळकं ऑइल तर नकोच. त्यात धातूचा चुरा असतो आणि पँटला लागलेला डाग तुमच्याबरोबरच रिटायर होतो. गणपतीनंतर, पाऊस ओसरला की हब पुन्हा उघडून ग्रीस बदला. वर्षातून एवढं केलं तर ही सायकल आठ-दहा वर्षं सहज चालेल.

कुलपाबद्दल कंजुषी करू नका. तारेचं कुलूप कटरने दहा सेकंदांत तुटतं. जाड यू-कुलूप घ्या आणि ते मागच्या चाकातून, फ्रेमच्या मागच्या त्रिकोणातून आणि खांबातून असं एकत्र घाला. पुढचं चाक गेलं तर हजारात येतं, मागचं महाग. सीट खालच्या पटकन सुटणाऱ्या खटक्याऐवजी नट-बोल्ट लावून घ्या; सीट चोरीला गेल्यावर माहीमपर्यंत उभ्याने पायडल मारत जाणं काय असतं, ते एका गिऱ्हाइकाने मला फार रंगवून सांगितलं होतं. आणि ऑफिसच्या वॉचमनशी ओळख करून ठेवा. त्याच्या केबिनला दिसेल अशी जागा मिळाली तर निम्मी काळजी मिटली. त्याची स्वतःची सायकल असली तर तिच्यात हवा भरून द्या, तो तुमची आपणहून छपराखाली घेईल.